सही कोणाची? इंदूरच्या एका पुरुष संघाच्या मुख्य कोचपदाचं प्रकरण

इंदुरात बास्केटबॉल म्हटलं की रेसकोर्स रोडचं कॉम्प्लेक्स डोळ्यांपुढे येतं. हे प्रकरण तिथलं नाही. हा क्लब दुसरा. जुना आहे, आणि त्याच्या कार्यकारिणीत रामबाग-नारायणबागेकडच्या मराठी घरांतली माणसं पिढ्यान्‌पिढ्या बसत आली आहेत. क्लबचं आणि माणसांची नावं गाळली आहेत, ओळख पटेल असे तपशील थोडे इकडचे तिकडे केले आहेत. निवड समितीच्या बैठकांचं इतिवृत्त लिहिण्याचं काम माझ्याकडे होतं. मताचा अधिकार नव्हता, त्यामुळे ऐकायला मोकळा होतो.

प्रश्न एवढाच होता. पुरुष संघाचे मुख्य कोच प्रकृतीमुळे पद सोडत होते. सहा वर्षं त्यांच्या हाताखाली सहायक कोच असलेल्या बाईंना ती जागा द्यायची की नाही?

हा संघ व्यावसायिक म्हणावा का, यावर वाद घालता येईल. आपल्याकडे पुरुषांची फ्रँचायझी लीग सुरू करण्याचे प्रयत्न झाले. २०१५ मध्ये यूबीए नावाची लीग आली आणि थोड्याच वर्षांत थांबली, २०२२ मध्ये आयएनबीएल सुरू झाली. पण बहुतेक चांगल्या खेळाडूंची भाकरी आजही क्रीडा कोट्यातल्या नोकरीची असते. आमच्या संघातही तेच. कोणी रेल्वेत, कोणी पोलिसांत, कोणी आयकर खात्यात, दोन-तीन कॉलेजातली मुलं. क्लब सामन्याचं मानधन, प्रवासखर्च, बूट आणि बक्षिसाच्या रकमेत वाटा देतो. कोचला महिन्याचं मानधन मिळतं. अमेरिकेच्या मानानं हे काहीच नाही. पण त्या पदासाठी माणसं एकमेकांशी बोलायची थांबतात, इतपत तरी ते पद आहे.

दोन माणसं

सहायक कोचना मुलं मॅडम म्हणतात, कार्यकारिणीतली मराठी मंडळी ताई. मीही ताईच म्हणतो. ग्वाल्हेरच्या लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्थेत शिकल्या, मग पतियाळ्याच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा (एनआयएस) डिप्लोमा. विद्यापीठाकडून खेळल्या आहेत. दिवसा एका शाळेत पीटी शिकवतात, संध्याकाळी क्लबात. बोलणं बेताचं, आवाज त्याहून बेताचा. हे शेवटचं मी मुद्दाम लिहितो, कारण बैठकीत त्यावर बराच वेळ गेला.

दुसरं नाव माजी कप्तानाचं. राज्याच्या संघाचं नेतृत्व केलेलं, राष्ट्रीय शिबिरापर्यंत गेलेले. सराफ्यात रात्री उभे राहिले तर चार जण येऊन "क्या भिया" करून हात मिळवतात. कोचिंग कधी केलेलं नाही. माणूस सरळ आहे, या प्रकरणात त्यांच्याकडून कुठेही लबाडी झाली नाही, तेही इथेच नोंदवतो.

आता ताई सहा वर्षं काय करत होत्या, ते थोडं खोलात सांगायला हवं. बैठकीत ते जवळजवळ कोणी विचारलंच नाही.

आपल्याकडे पुरुष संघाच्या कोचचं निम्मं काम कोर्टाबाहेर चालतं. स्पर्धा इंदूरबाहेर असली की प्रत्येक खेळाडूला त्याच्या खात्यानं सोडावं लागतं. त्यासाठी क्रीडा अधिकाऱ्याला पत्र, सोबत स्पर्धेचं परिपत्रक, मग फोन, मग पुन्हा फोन, मग समजतं की साहेब बदलले आणि फाइल खालीच आहे. खात्याच्या स्वतःच्या संघाचं शिबिर त्याच तारखांना असेल तर सौदा करावा लागतो, हा खेळाडू आत्ता द्या, पुढच्या महिन्यात आम्ही तुमच्या सरावाला संघ पाठवतो. कुठल्या कार्यालयात कोणता बाबू, कोण जेवणानंतर भेटतो, कोणाला पत्र हिंदीत लागतं, हे सगळं ताईंच्या वहीत होतं. पत्रं त्या लिहायच्या. खाली सही सरांची, म्हणजे मुख्य कोचची.

फोनही त्याच करायच्या, आणि सगळं ठरल्यावर पलीकडून यायचं, "एक बार सर से बात करवा दीजिए." मग सर अर्धा मिनिट बोलायचे. रामराम, तब्येत पाणी, झालं. खात्यांच्या लेखी खेळाडू सरांनी सोडवून आणलेला असायचा. सरांनी हे श्रेय कधी मागितलं नाही, नाकारलंही नाही. पद्धतच ती होती.

एक सामना

समितीपुढे ताईंच्या मुख्य कोच म्हणून कामाचा एकच पुरावा होता. आदल्या हंगामातल्या एका सामन्याचा.

उपांत्य सामना. समोर एका खात्याचा संघ, उंच सेंटरचा. आपण २-३ झोन लावलेला, म्हणजे दोघं पुढे, तिघं रिंगजवळ, प्रत्येकानं आपली जागा राखायची. त्यांचा सेंटर हाय पोस्टवर, म्हणजे फ्री थ्रो रेषेजवळ, चेंडू घ्यायचा, आपला बचाव आत ओढला जायचा आणि चेंडू कोपऱ्यात जायचा. २-३ झोनमध्ये कोपरा ही कायमची उघडी बाजू. खालच्या विंगवाल्याला धावत बाहेर यावं लागतं, आणि एक पाऊल उशीर झाला की तीन गुण गेलेच. तिसऱ्या क्वार्टरमध्ये आपण चौदानं मागे होतो. एका फाउलवरून सर पंचांवर ओरडले, टेक्निकल, म्हणजे गैरवर्तनाचा फाउल, मिळाला. थोड्या वेळानं पुन्हा ओरडले, दुसरा मिळाला. फीबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, नियमानं कोचला स्वतःच्या वागण्यासाठी दोन टेक्निकल म्हणजे बाहेर. अशा वेळी सूत्रं पहिल्या सहायक कोचकडे येतात. सर जाताना बोर्ड आणि मार्कर ताईंच्या हातात देऊन गेले.

त्यांनी पहिल्याच टाइमआउटमध्ये झोन काढला आणि मॅन टू मॅन लावला, म्हणजे प्रत्येकानं समोरचा एकेक खेळाडू धरायचा. आपला संथ सेंटर खाली बसवला, पाच चपळ पोरं उतरवली. मग समोरचा सेंटर रिंगखाली मोकळा राहणार, हे उघडच होतं. त्यावर उपाय असा केला की त्याच्या मागे उभं न राहता पुढे उभं राहायचं, म्हणजे पास सरळ मिळणार नाही, आणि डोक्यावरून टाकलाच तर दुर्बल बाजूचा, म्हणजे चेंडू नसलेल्या बाजूचा, माणूस धावून येणार. कोपऱ्यातले शॉट बंद झाले. फरक हळूहळू खाली आला. शेवटच्या आठ सेकंदांत आपण दोनानं मागे, चेंडू आपला. टाइमआउट घेऊन त्यांनी चेंडू पुढच्या अर्ध्यातून आत घेतला, स्क्रीनवरून, म्हणजे एकानं बचाववाल्याची वाट अडवून, गार्डला मोकळा शॉट मिळवून दिला. चेंडू रिंगवर फिरला आणि बाहेर पडला.

हरलो. समितीच्या कागदावर नोंद आली, "सहायक कोचच्या नेतृत्वाखाली एक सामना, पराभव." चौदाचा फरक दोनावर आला होता, हे कागदावर नव्हतं. स्कोअरशीट मागवली असती तर दिसलं असतं.

बैठक

समिती पाच जणांची. पहिल्या बैठकीत ज्या शंका निघाल्या, त्यातल्या काहींवर फार शाई खर्च करण्यात अर्थ नाही. ड्रेसिंग रूमचं काय? मुलं कपडे बदलून झाल्यावर दार ठोठावून आत जायचं, सहा वर्षं तेच चालू होतं. प्रवासात काय? संघासोबत मॅनेजर असतोच. एका सदस्याला वाटत होतं की बाई असल्या की मुलांना मोकळेपणानं शिव्या देता येणार नाहीत आणि जोश कमी होईल. इंदुरात राहून या मालाची टंचाई पडेल अशी काळजी वाटावी, याची मला गंमत वाटली.

मुलं ऐकतील का, हा प्रश्न मात्र खरा मानून समितीनं तीन वरिष्ठ खेळाडूंना बोलावलं. एक गप्प बसला. दुसरा म्हणाला, जे ठरेल ते मान्य. तिसरा, रेल्वेतला सेंटर, ज्याला त्या सामन्यात ताईंनीच खाली बसवलं होतं, म्हणाला, "भिया, सर की आवाज़ आती है, मैडम की बात समझ में आती है." अध्यक्षांनी मला विचारलं, हे इतिवृत्तात घ्यायचं का. मी घेतलं.

यापेक्षा अवघड आक्षेप दोन होते. एक, ताई पुरुषांच्या वरच्या पातळीवर खेळलेल्या नाहीत. दुसरा, खात्यांतली माणसं त्यांना ओळखत नाहीत, मग खेळाडू सोडवून कोण आणणार?

दुसऱ्या आक्षेपाशी मी थोडा वेळ थांबतो, कारण माझ्या मते अख्खं प्रकरण तिथे आहे. खेळाडू सोडवून आणण्याचं काम ज्या बाईनं सहा वर्षं केलं, तिच्याविरुद्ध मुद्दा हा होता की तिला ते जमणार नाही. हे बोलणारा सदस्य खोटं बोलत नव्हता. त्यानं फाइल पाहिली होती आणि फाइलमधल्या प्रत्येक पत्राखाली सरांची सही होती. सहायकाचं काम असं असतं की ते जितकं चांगलं होतं, तितकं ते वरच्याच्या नावावर जमा होतं. पुरुष सहायकाचंही तसंच होतं. पण पुरुष सहायक संध्याकाळी त्याच अधिकाऱ्यांबरोबर चहाला बसतो, लग्नाला जातो, बिनसहीचं काम तोंडी आपल्या नावावर करून घेतो. ताईंना सात वाजता सराव संपला की घरी स्वयंपाक होता.

पहिला आक्षेप निघाला तेव्हा एका सदस्यानं, त्यांचा मुलगा डॅलसला असतो, ठेवणीतला मुद्दा काढला. "अमेरिकेत तरी कुठे आहे हो? एनबीएत एक तरी बाई मुख्य कोच दाखवा."

अमेरिकेत काय झालं

मुद्दा बरोबर आहे. एनबीए म्हणजे अमेरिकेतली पुरुषांची सर्वांत मोठी व्यावसायिक लीग. तिच्या तीस संघांपैकी एकानंही आजवर कायमची मुख्य कोच म्हणून स्त्री नेमलेली नाही. पण ती का नेमली गेली नाही, हे पाहिलं तर तो मुद्दा उलटा फिरतो.

बेकी हॅमन यांना सॅन अँटोनियो स्पर्स या संघाचे मुख्य कोच ग्रेग पॉपोविच यांनी २०१४ मध्ये पूर्णवेळ पगारी सहायक म्हणून घेतलं. पुढच्या वर्षी लास व्हेगासच्या समर लीगमध्ये संघ त्यांच्या हाती दिला आणि त्या विजेतेपद घेऊन आल्या. ३० डिसेंबर २०२० ला लेकर्सविरुद्धच्या सामन्यात पंचांनी पॉपोविच यांना बाहेर काढलं. जाता जाता त्यांनी हॅमनकडे बोट केलं आणि एनबीएच्या नियमित हंगामातल्या सामन्यात पहिल्यांदा एका स्त्रीनं संघ चालवला. स्पर्स १२१-१०७ हरले. निकालाच्या रकान्यात तिथेही पराभवच आहे.

एनबीएतल्याच मिलवॉकीनं २०१८ मध्ये आणि पोर्टलँडनं २०२१ मध्ये त्यांची मुलाखत घेतली. पोर्टलँडनं चॉन्सी बिलप्स यांना नेमलं, ज्यांच्याकडे सहायक कोच म्हणून एका हंगामाचा अनुभव होता. त्याच्या आदल्या वर्षी ब्रुकलिननं स्टीव्ह नॅश यांना नेमलं होतं, ज्यांनी कुठेच कोचिंग केलेलं नव्हतं. दोघंही मोठे खेळाडू, त्याबद्दल वाद नाही. हॅमन यांना मात्र, त्यांनीच नंतर सांगितल्याप्रमाणे, दोन गोष्टी ऐकवल्या जात. तुम्ही एकाच संघात राहिलात, आणि तुम्ही कधी मुख्य कोच नव्हता. म्हणजे जो अनुभव फक्त त्या खुर्चीत बसून मिळतो, तोच खुर्ची देण्याची अट. २०२१ च्या अखेरीस त्यांनी महिलांच्या लीगमधल्या लास व्हेगास एसेसचं मुख्य कोचपद घेतलं आणि २०२२, २०२३ आणि २०२५ मध्ये विजेतेपद मिळवलं.

लिंडसी हार्डिंग यांचं उदाहरण मला याहून बोचतं. २०२३-२४ मध्ये त्या जी लीगमधल्या स्टॉकटन किंग्जच्या मुख्य कोच होत्या. पुरुषांचा संघ, एनबीएच्या खालची लीग. त्या हंगामात त्या लीगच्या सर्वोत्तम कोच ठरल्या. पुढची पायरी काय? लेकर्समध्ये सहायक. त्याच उन्हाळ्यात लेकर्सनं मुख्य कोच नेमले जेजे रेडिक, ज्यांचा कोचिंगचा अनुभव मुलांच्या संघापुरता होता.

खेळलेलाच असावा लागतो म्हणावं, तर पॉपोविच स्वतः एनबीएत एकही सामना खेळलेले नाहीत. मायामीचे एरिक स्पोल्स्ट्रा १९९५ मध्ये व्हिडिओच्या खोलीत लागले, तिथून वर आले आणि मुख्य कोच म्हणून दोन विजेतेपदं घेऊन बसले. खेळाडूंचं म्हणाल, तर पाऊ गॅसोल यानं २०१८ मध्ये जाहीर लेख लिहून सांगितलं की हॅमन कोच म्हणून उत्तम आहेत, बाई असून उत्तम वगैरे नाही. हा खेळाडू फिल जॅक्सन आणि पॉपोविच या दोन्ही मोठ्या कोचच्या हाताखाली खेळलेला.

मग पुरुष संघाची मुख्य कोच स्त्री कुठे झाली? ॲशली मॅकेलहायनी, २००४, एबीए या छोट्या लीगमधला नॅशव्हिलचा संघ. नॅन्सी लिबरमन, २०१०, डी-लीगमधला (जी लीगचं जुनं नाव) टेक्सस लेजंड्स. नॅटली नाकासे, २०११, जपानमधला सैतामा ब्रॉन्कोज. मग हार्डिंग. यादी पाहा. जिथे पैसा कमी, टीव्ही कमी, तिथेच दार उघडलं. आणि त्या दारातून आत गेलेलीला वरच्या मजल्याचा जिना सापडला नाही. नाकासे पुढे एनबीएत सहायक झाल्या आणि अखेर २०२४ मध्ये महिलांच्याच लीगमधल्या गोल्डन स्टेट व्हल्कीरीजच्या मुख्य कोच म्हणून नेमल्या गेल्या, २०२५ च्या पहिल्याच हंगामात सर्वोत्तम कोचचा मान घेतला. एनबीएत मेम्फिसला सहायक राहिलेल्या भारतीय वंशाच्या सोनिया रामन यांचाही रस्ता महिलांच्या लीगकडेच वळला.

उलट्या दिशेला मात्र कोणी अडवत नाही. अमेरिकेत शिक्षणसंस्थांतल्या लिंगभेदाला मनाई करणारा १९७२ चा टायटल नाइन कायदा आला तेव्हा कॉलेजच्या महिला संघांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त संघांच्या कोच स्त्रियाच होत्या. कायद्यामुळे त्या नोकऱ्यांना पगार आला आणि पगारामागून पुरुष आले. पुढे स्त्रियांचा वाटा निम्म्याच्या खाली गेला. आपल्याकडे २०१७ मध्ये बंगळुरूला भारतीय महिला संघानं आशिया चषकाचा ब विभाग जिंकला, तेव्हा कोच होते सर्बियाचे झोरान विसिक. चांगलं काम केलं त्यांनी. आमच्या क्लबच्या मुलींच्या संघालाही पुरुष कोच आहे, आणि त्याच्या नेमणुकीच्या वेळी ड्रेसिंग रूमचा विषय निघाल्याची नोंद जुन्या इतिवृत्तात नाही. मी शोधली.

निर्णय, दोनदा

पहिल्या बैठकीत तीन विरुद्ध दोन मतांनी माजी कप्तानांचं नाव ठरलं. ताईंनी सहायक म्हणून राहावं, अशी विनंती करण्याचंही ठरलं, कारण नव्या कोचना "कागदपत्रांत मदत लागेल".

मग पंधरवड्यात एक अडचण आली. सियागंजातले एक व्यापारी संघाचा खर्च उचलत. त्यांनी यंदा निम्मीच रक्कम जमेल असं कळवलं. कोचचं मानधन कापावं लागणार होतं. माजी कप्तानांना विचारलं. त्यांनी स्वच्छ सांगितलं, एवढ्यात नाही परवडणार, रोजचे तीन तास जातात. बरोबरच होतं त्यांचं. आता उरलं कोण?

अध्यक्ष स्वतः ताईंच्या घरी गेले. वार्षिक अहवालात या घटनेचं वर्णन "क्लबचा ऐतिहासिक निर्णय" असं आलं. स्नेहसंमेलनात अध्यक्षांनी अहिल्याबाईंचं नाव घेतलं, टाळ्या पडल्या. या शहरात विद्यापीठाला, विमानतळाला अहिल्याबाईंचं नाव आहे, भाषणालाही ते कामाला येतंच. मानधन निम्म्यावर आलं होतं, एवढं त्या भाषणात नव्हतं.

ताईंनी लगेच हो म्हटलं नाही. आठवड्यानं एक पत्र दिलं, तीन मुद्द्यांचं. खात्यांना जाणारी पत्रं माझ्या सहीनं जातील. सामन्यात बेंचवर मॅनेजर सोडून कार्यकारिणीतलं कोणी बसणार नाही. आणि मानधन सरांना होतं तेवढंच असावं. पहिले दोन मान्य झाले. तिसऱ्याला पैसे नाहीत असं उत्तर गेलं. त्यावर त्यांनी एवढंच मागितलं की आपण मागणी केली होती आणि निधीअभावी ती मान्य झाली नाही, हे इतिवृत्तात यावं. तसं ते आहे.

हंगाम

पहिलंच पत्र परत आलं. एका कार्यालयानं कळवलं की मुख्य कोचच्या सहीचं पत्र पाठवा. मुख्य कोचचीच सही होती. ताईंनी सरांना फोन केला नाही. सरांना ते दुसरीकडून कळलं, आणि त्यांनी त्या अधिकाऱ्याला आपणहून गाठलं. "अब मैं कुछ नहीं हूँ, जो हैं वही हैं," असं म्हणाले म्हणे. ताईंना मात्र रागावले, "अगं, मला सांगायचं नाहीस का?" खेळाडू दोन दिवस उशिरा आला. पुढच्या स्पर्धेच्या वेळी त्याच कार्यालयातून थेट ताईंना फोन आला, परिपत्रक कधी पाठवताय म्हणून.

कोर्टावरची अडचण वेगळी निघाली. माजी कप्तान सामने पाहायला येत आणि सवयीनं बेंचच्या मागे, पहिल्या रांगेत बसत. हेतू चांगलाच. पण टाइमआउट झाला की मागून वाकून एखाद्याच्या कानात सांगायचे, "तू बाएँ से जा." फीबाचा टाइमआउट एक मिनिटाचा. एका सामन्यात मी मागेच होतो. ताई बोर्डवर स्क्रीनची जागा दाखवत होत्या, गार्डचं डोकं मागे वळलेलं, सेंटर दोघांकडे आळीपाळीनं बघतोय, आणि पंचांची शिट्टी वाजली तेव्हा अर्ध्या पोरांनी एक ऐकलेलं, अर्ध्यांनी दुसरं. पुढच्याच चढाईत दोन जण एकाच बाजूला धावले आणि चेंडू बाहेर गेला.

ताई कोणाला काही बोलल्या नाहीत. पुढच्या टाइमआउटला त्यांनी मुलांना बेंचवर बसूच दिलं नाही. बेंचपासून चार पावलं पुढे, कोर्टावर, गोल करून उभं केलं. नियमात हे बसतं, टाइमआउटमध्ये संघ आपल्या बेंचजवळ कोर्टावर उभा राहू शकतो. प्रेक्षकाला मात्र कोर्टावर पाय ठेवता येत नाही. तेव्हापासून आमचे टाइमआउट उभ्यानं होतात. माजी कप्तानांच्या ते लक्षात आलं. पुढच्या सामन्याला ते समोरच्या बाजूला जाऊन बसले, आणि नंतर दोघांत चहाही झाला.

रेल्वेतल्या सेंटरशी एकदा वाजलं. बचावाला मागे येत नव्हता, ताईंनी अख्खा क्वार्टर बसवून ठेवला. त्या रात्री एका सदस्याचा ताईंना फोन, "जरा सांभाळून घ्या, मोठा खेळाडू आहे." ताई म्हणाल्या, उद्या सकाळी सरावाला आला तर खेळेल. तो आला. सरांच्या वेळी असा फोन गेला असता का, हा माझा प्रश्न. सर त्याला याहून जास्त वेळ बसवायचे.

निकाल मधलाच लागला. एका स्पर्धेत उपांत्य फेरी, एकीत गटातूनच बाहेर, एक स्थानिक चषक घरी आला. सरांच्या शेवटच्या दोन हंगामांपेक्षा बरा, त्यांच्या चांगल्या दिवसांपेक्षा कमी. कोणी म्हणावं चमत्कार, असं काही नाही, आणि मला ते बरं वाटतं. मध्यम हंगाम पार पाडून पुरुष कोच निवांत पदावर राहतात. बाईंना ती सवलत मिळते का, हे पाहायचं होतं.

ते पाहायला मिळालं. हंगाम संपला, व्यापाऱ्यांनी पूर्ण रक्कम पुन्हा द्यायचं कबूल केलं, आणि पुढच्याच बैठकीच्या विषयपत्रिकेवर आलं, "मुख्य कोचपदाचा फेरविचार." एक सदस्य म्हणाले, आता पैसे आहेत तर माजी कप्तानांना विचारायला हरकत नाही, ताईंनी अडचणीत साथ दिली त्याचे आभार मानू. त्यावर पाऊण तास चर्चा झाली. या वेळी मतं तीन विरुद्ध दोन अशी ताईंच्या बाजूनं पडली. बाजू बदलली ती डॅलसवाल्या सदस्यांनी. कारण त्यांनी अमेरिकेचं दिलं नाही. म्हणाले, या वर्षी एकाही स्पर्धेला खेळाडू खात्यात अडकून राहिला नाही, सगळे पोचले. पहिल्या पत्रातले दोन दिवस त्यांनी धरले नाहीत, मीही आठवण करून दिली नाही.

ताईंना आत बोलावलं. निर्णय सांगितला. त्यांनी विचारलं, मानधन किती? अध्यक्ष म्हणाले, आहे तेच, तूर्त. ताईंनी गेल्या वर्षीच्या पहिल्या बैठकीचं इतिवृत्त मागितलं. माजी कप्तानांना देऊ केलेली रक्कम त्यात लिहिलेली होती. त्या आकड्यावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, पैसे परत आलेत ना, मग हा. समितीनं तो विषय पुढच्या बैठकीवर टाकला. ती बैठक दिवाळीनंतर आहे, आणि विषयपत्रिकेवर तो पहिल्या क्रमांकावर घ्यावा, असं पत्र ताईंनी स्वतःच्या सहीनं दिलं आहे.